परसातली जागल

आमच्या घरात जमिनीवर कोणी झोपत नाही. पाहुणे जास्त झाले तर एकेका पलंगावर तिघं कोंबायचे, पण खाली सतरंजी टाकायची नाही. जेवायलाही टेबलच. आईला खाली बसून भाकर खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणून बाबा बाहेर गेले की ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून दोन घास खाऊन घेते, चोरासारखी. "ज्याच्या बापाले खाली बसवलं, त्यानं खुर्ची सोडाची नाई," हे बाबांचं बोलणं मी जन्मल्यापासून ऐकून राह्यले. बाबा हेडमास्तर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना सर म्हणते आणि ते गल्लीला वर्ग समजतात.

दहा वर्षांची असताना उन्हाळ्यात एक रात्र मी मैत्रिणीच्या अंगणात चटईवर झोपले. सकाळी बाबांनी मला कपड्यांसकट हातपंपाखाली उभं केलं, गल्ली बघत होती, आणि मग वहीत शंभर वेळा लिहून घेतलं : मी जमिनीवर झोपणार नाही. शेवटी शेवटी बोटं सुजली, अक्षर बिघडलं, तर शेवटचं पान पुन्हा लिहायला लावलं. आता मी स्वतः मास्तरीण आहे, दोन लेकरांची आई आहे, घर माझं आहे आणि आई-बाबा माझ्याकडे राहतात. तरी ती खुन्नस काही गेली नाही. माझं डोकंही बाबांचंच आहे, नाकावर राग.

या संक्रांतीच्या सुट्टीत पोरांनी मोबाईलवर कोण्या परदेशी माणसांना जंगलात तंबू ठोकताना पाहिलं आणि हट्ट धरला. उटनूरला जंगलाचं काय कौतुक, आमच्या गल्लीच्या मागून सागवान सुरू होतं. पण अस्वलांच्या भीतीनं तिकडे मुक्कामाला कोण जाणार! नवरा म्हणाला, "परसातच टाकू ना." त्यानं कापूस झाकायची ताडपत्री आणली, दोन बांबू रोवले, सुतळीनं बांधलं आणि सीताफळाच्या झाडाखाली एक वाकडातिकडा तंबू उभा राहिला. भीमपूरच्या त्याच्या मित्रानं वावरातली हुरड्याची कणसं पाठवली होती, त्यामुळे संध्याकाळची सोय झाली. पोरं तर येडीच झाली होती. नऊ वर्षांची पोरगी उशा पळवत होती, सहा वर्षांचा पोरगा त्या तंबूत उड्या मारून राह्यला होता.

दिवस बुडायच्या आधी बाबा कानटोपी घालून मागच्या दारात आले. "उटनूरची थंडी हाय," ते म्हणाले. "लेकरायले खाली झोपवतं?"

"गादी टाकली बाबा."

"गादी टाकली तरी खालीच." मग नवऱ्याकडे बघून म्हणाले, "मास्तरीन झाली, पन अक्कल नाई आली."

नवऱ्यानं तोंड फिरवून सुतळीला आणखी एक गाठ मारली. तो हसत होता, मला काय दिसत नाही? माझ्या डोक्यात तिडीक गेली. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि अजून मी बाबांसमोर चौथीतली पोट्टी.

बाबा आत गेले आणि आपला लोखंडी पलंग ओढत परसात घेऊन आले. तंबूच्या तोंडाशी ठेवून त्यावर शाल पांघरून बसले. पोरं हसून हसून लोळली. "आबा, कॅम्पिंगले पलंग आनते का कोनी!" पोरगी म्हणाली. बाबांनी मनावर घेतलं नाही. नातवंडांचं ते मनावर घेत नाहीत. त्यांच्यासाठी बाबांच्या आत वेगळाच एक माणूस आहे, मला लहानपणी तो कधी भेटला नाही. रोज संध्याकाळी टेबलावर बसवून गणितं शिकवतात, चुकलं तरी पेन्सिलीनं नुसती टिचकी मारतात.

नवऱ्यानं खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या आणि कणसं जाळात धरली. झाली की राख! दोन कणसं करपली, तिसरंही काळं झालं. बाबांना पाहवेना. "अरे बाप्पा, जाळात नाई, आरावर घाला," ते पलंगावरून ओरडले. "धग पायजे, जाळ नाई." चौथं करपलं तेव्हा ते उतरले आणि खड्ड्यापाशी उकिडवे बसले. उभ्या जन्मात मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी गोवरी फोडून आर पसरला, कणसं फिरवली, गरम कणीस हाताच्या तळव्यात चोळलं, फुंकर घातली आणि हिरवागार दाणा पोराच्या ओंजळीत ओतला. दुसरं पोरीला. तिसरं नवऱ्याला. स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. आई दारात उभी होती, तीही बघतच राहिली.

"आबा, तुमाले कसं येते हे?" पोरानं विचारलं.

"आमचं वावर होतं ना, भीमपूरकडं," बाबा म्हणाले. मग त्यांना जे चढलं! विहीर कशी होती, बैलांच्या चार जोड्या, ज्वारी माणूस बुडेल एवढी उंच, मधोमध मचाण. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. पोरगी म्हणाली, "म्हंजे आबा, तुमी मालक होते?"

बाबांनी आणखी एक कणीस फिरवलं. "हाव," म्हणाले.

आईनं चटकन माझ्याकडे पाहिलं. कारण खरं काय ते घरात तिला आणि मला, आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा तिनं मला सांगितलं होतं, माझ्या पोटावर हात ठेवून, कोणाला बोलणार नाहीस अशी शपथ घालून. ते वावर मालकाचं. बाबांचे वडील त्यात सालगडी, वर्षभर राबायचे आणि वर्षाला ठरलेली ज्वारी घ्यायचे. बाबा आठ वर्षांचे होते तेव्हापासून रात्री मचाणावर जागलीला, डबा वाजवून रानडुकरं हाकलायला, आणि उजाडलं की मालकाच्या गोठ्यात जमिनीवर झोपायला. एकदा भुकेनं चार कणसं भाजून खाल्ली, तर मालकानं सगळ्या मजुरांसमोर घशात बोटं घालून ओकायला लावलं. बाबांनी हे आईला लग्नानंतर वीस वर्षांनी सांगितलं होतं.

ह्यात लाज कसली? शाळेत मी पोरांना हेच शिकवते, घाम गाळणाऱ्यानं मान खाली घालू नये. पण त्या संध्याकाळी मला शिकवायचं नव्हतंच. मला लाजवायचं होतं. एक तरी वेळ त्यांची मान खाली गेलेली बघायची होती, तीही त्या नऊ वर्षांच्या पोरीसमोर, जिच्यासमोर त्यांना मालक व्हायचं होतं.

"मालक कुठले?" मी म्हणाले, हसत हसत. "मालकाच्या वावरात जागल्या होते तुमचे आबा. रातभर डुकरं हाकलायचे. आणि झोपायचे कुठं, सांगा ना बाबा? जमिनीवर!"

"माय वो, गप बस ना!" आई दारातून म्हणाली.

बाबांच्या हातातलं कणीस चोळायचं राहिलं. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं, पोट भरल्यासारखं.

मला वाटलं होतं पोरं हिरमुसतील. कसलं काय! पोरं खूषच झाली. मालकापेक्षा जागल्या भारी. पोरगा उड्या मारत म्हणाला, "म्हंजे आबा चौकीदार!" पोरगी त्या लोखंडी पलंगावर चढून उभी राहिली, शाल खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "मी मालक! ए जागल्या, डुकरं आले, डुकरं! हाकल लवकर!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे मदत मागितल्याची ही पहिलीच वेळ. मी एवढंच म्हणायला हवं होतं, पोरे उतर खाली, पुरे झालं. मी म्हणाले, "करा ना बाबा. लेकरं म्हणून राह्यले."

ते उठले. गुडघ्यावर हात देत, हळूहळू. तोंडाशी तळहात धरला आणि अशी हाळी दिली की बाप रे! "होऽऽऽ हुर्रर्र, होऽऽऽ!" हा हेडमास्तरांचा आवाज नव्हता. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शेजारच्या भिंतीवरून शेजारी डोकावला, बाबांचा जुना विद्यार्थी, आता तेलुगू शाळेत मास्तर. "एमैंदि सार?" त्यानं घाबरून विचारलं, काय झालं म्हणून.

उत्तर मीच दिलं. "काही नाही हो. सर जागलीवर हायेत."

तो हसला. नवरा हसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, "आणखी, आणखी!" बाबांनी आणखी दोनदा हाळी दिली. मग हात धुतले आणि आत जाऊन झोपले. पोरं थंडीनं अर्ध्या तासातच कुडकुडत घरात आली, आणि सकाळी नवऱ्यानं ताडपत्री गुंडाळून ठेवली.

तंबू गेला, पण खेळ घरात आला. पोरांना दुसरं काही सुचेना. सकाळी दात घासताना, "ए जागल्या!" दुपारी झोपेतून उठवायला, "जागल्या झोपला, जागल्या झोपला!" बाबा आधी हसल्यासारखं करायचे. मग तेही सोडलं आणि नुसते उठून यायचे. मी पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ए, आबा म्हणा." पण माझ्या आवाजात जोर नव्हता, आणि लेकरांना ते बरोबर कळतं. आई माझ्याशी बोलत नव्हती. भाकर ताटात टाकायची आणि निघून जायची. एकदाच म्हणाली, "मी तुले पोटची समजून सांगतलं होतं."

सुट्ट्या संपल्या. शाळा सुरू झाली त्या संध्याकाळी बाबा नेहमीसारखे पोरीला घेऊन टेबलाशी बसले. भागाकार होता. पोरीनं चूक केली, बाबांनी पेन्सिलीनं टिचकी मारली आणि म्हणाले, "हे पुन्हा कर." मी पलीकडे वह्या तपासत होते.

पोरगी म्हणाली, "तुले काय येते? तू तर जागल्या." मग टेबलावर हात आपटून, पलंगावरच्या त्याच मालकाच्या थाटात, "जाय, पाणी आण!"

बाबा उठले. खरंच उठले. खुर्ची मागे सारली आणि माठाकडे चालायला लागले. जिच्यासमोर मालक व्हायचं होतं, तिच्यासाठी पाणी आणायला निघाले. मी धावत गेले आणि पोरीच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन. पाच बोटं उमटली. पोरगी मोठ्यानं रडायला लागली.

बाबा पेला भरून परत आले. माझा हात धरला, मनगटापाशी, घट्ट. लहानपणी धरायचे तसा नाही, नुसता धरला.

"पोरीले काऊन मारतं?" ते म्हणाले. "तिनं काय केलं? तू सांगतलं, तिनं आयकलं."

मला त्यांचे पाय धरायचे होते, पण मी तशीच उभी राहिले, हात त्यांच्या हातात. त्यांनी तो सोडला. मग पेला दोन्ही हातांत धरून, किंचित वाकून, नातीसमोर ठेवला.

"घ्या मालक," ते म्हणाले.

पोरगी रडता रडता हसली. तिला वाटलं, खेळ अजून चालूच आहे.