दोन कॅमेरे, एक टँकर

मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. साताऱ्यात कॉलेजात असताना आमच्या गटाची सगळी पत्रकं माझ्याच हातची असायची. वर जाड मथळा, खाली तोडून टाकलेली वाक्यं आणि शेवटी सरकारला सवाल. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीवर मी असंच एक पत्रक ठोकून दिलं. वाडीची विहीर आटली होती. सरकारी टँकर कागदावर रोज येत होता आणि वाडीत मात्र आठवड्यातून एखादा दिवस उगवत होता. बाकीच्या दिवशी तो वाटेतच, ठेकेदाराच्या मेहुण्याच्या डाळिंबाच्या बागेत रिकामा व्हायचा. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं.

पत्रक घेऊन मी तहसील कचेरीत गेले. साहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, "भाषा चांगली आहे तुमची. सोमवारी बैठक आहे. पुरावा घेऊन या."

बायका डोंगराच्या कपारीतून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या, आणि ह्यांना माझी भाषा चांगली वाटत होती. रागाच्या भरात मी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरले. पण माणूस बरोबरच बोलत होता, ही त्यातली सगळ्यात चिडवणारी गोष्ट. फोटो हवा होता. टँकरचा नंबर वाचता आला पाहिजे आणि तो बागेत उभा आहे हेही दिसलं पाहिजे. त्याशिवाय सोमवारी वाडीचं कुणी ऐकणार नव्हतं.

आमच्या गटाकडं कॅमेरा नव्हता. दोन दिवसांत दोन मिळाले आणि तिथून भांडण सुरू झालं.

पहिला सांगलीच्या माझ्या मामेभावाचा. त्याचा स्टुडिओ होता, लग्नाच्या फोटोंसाठी शिराळ्यापासून मिरजेपर्यंत त्याला बोलावणं यायचं. त्याच्याकडं खरा एसएलआर होता. लेन्स काढायची, दुसरी बसवायची, सगळं हातानं जुळवायचं. चामड्याच्या पेटीत तीन लेन्स मखमलीवर निजलेल्या. त्यातली लांबची लेन्स तर दुधाच्या बरणीएवढी जाड होती.

दुसरा वाडीतल्याच एका फौजीचा. तो सुट्टीवर आला होता. पलटण परदेशी गेली होती तेव्हा त्यानं तो तिकडं घेतला. बोजड, काळा, पण एका हातानं धरता येईल अशा बेताचा, आणि लेन्स अंगालाच जोडलेली. निघत नाही. बटण दाबलं की तीच पुढं सरकते, लांबचं जवळ येतं, पुन्हा दाबलं की मागं जाते. फोकसही तोच करतो, रोलही तोच सरकवतो. साधा कॅमेरा आणि मोठा कॅमेरा यांच्या मधला, म्हणून अशाला ब्रिज म्हणतात, असं मामेभावानंच तोंड वाकडं करून सांगितलं.

आम्ही तिघं शनिवारी सकाळी फौजीच्या अंगणात बसलो होतो. मामेभावानं तो कॅमेरा हातात घेऊन उलटापालटा केला.

"लेन्स निघत नाही म्हणजे काय? बायको माहेरी जात नाही म्हटल्यासारखं झालं."

"बरंच हाय की," फौजी म्हणाला. "तुमच्या पेटीतली एक काढून दुसरी लावंस्तवर टँकर म्हसवडला जाऊन यील."

"पण ह्याची काच बारकी आहे, राव. लांब ताणली की अंधार पडतो."

"ह्या उनात अंदार? आवं, हितं डोळं उघडंनात."

"आणि शार्पनेस? नंबर वाचायचाय आपल्याला."

"वाचू की. आमी रातीचं शत्रूच्या चौक्या वाचल्यात."

फौजीची वहिनी रिकामी घागर कडेवर घेऊन चालली होती. ती थांबून म्हणाली, "दोगांत कुणाचा चांगला ते मागनं ठरवा. टँकर दुपारी बारानंतर बागंत येतो. हितं बसून त्यो दिसायचा न्हाई."

मग निघालो. दोन्ही कॅमेऱ्यांत मामेभावानं काळापांढरा रोल घातला, कारण तो त्याच्याच डार्करूममध्ये धुता येतो. बागेच्या एका अंगाला टेकाड होतं, दुसऱ्या अंगाला कोरडा ओढा. फौजी टेकाडावर गेला. तो म्हणाला, वरनं समदा मुलूख दिसतो. मामेभाऊ आणि मी ओढ्यात उतरलो, बाभळीच्या आडोशाला, बागेतल्या हौदापासून दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर.

टँकर आला. मी इतकी उडाले की मामेभावाची पेटी माझ्या हातून सुटता सुटता राहिली. इतके दिवस नुसतं ऐकत होते, लिहीत होते, ओरडत होते, आणि आता ती चोरी भर उन्हात माझ्यासमोर घरघरत उभी राहिली होती. ड्रायव्हर टाकीवर चढला. ऊन लागतं म्हणून त्यानं काळी छत्री उघडली, तीही एका बाजूनं काडी मोडून लोंबणारी. छत्री धरून तो ऐटीत उभा, खाली क्लीनरनं पाइप हौदात सोडलेला, आणि वाडीचं पाणी डाळिंबाला चाललेलं.

आणि आमचे फोटोग्राफर लेन्स बदलत होते.

"धूळ जाईल गं आत," तो कुजबुजला. "ओढणी धर वर."

"जाऊ दे धूळ. काढ."

"आत गेली की प्रत्येक फोटोत दिसेल. धर म्हटलं ना."

मी ओढणीचा तंबू करून त्याच्या डोक्यावर धरला. टेकाडावरच्या कॅमेऱ्याची मोटर इथवर ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिकडं ती घर्र घर्र चालली असणार हे मला दिसत होतं, आणि मला प्रथमच तो बोजड काळा डबा आवडायला लागला. शेवटी लेन्स बसली. मामेभावानं श्वास रोखला, कडं फिरवलं, एक फोटो काढला. अंगठ्यानं रोल सरकवला. दुसरा काढला. मग त्यानं तो कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला आणि मी त्याच्या सगळ्या बढाया माफ केल्या. नंबर प्लेटवरचा चिखल दिसत होता. ड्रायव्हरच्या मिशीचा पीळ दिसत होता. मी तिथंच उभी राहून घोषणा दिली असती, त्यानं माझं तोंड दाबलं.

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही तिघं सांगलीला आलो, आणि रविवारी दुपारी डार्करूमच्या तांबड्या दिव्याखाली उभे राहिलो. ट्रेमध्ये कोरा कागद पडतो आणि त्यात काहीतरी उगवायला लागतं. आधी छत्री आली. मग टाकी. मग नंबर, एकेक आकडा, छापल्यासारखा. मी नाचायचीच बाकी होते.

"बघ," मामेभाऊ म्हणाला. "ह्याला म्हणतात फोटो."

मी बघितलं. पुन्हा बघितलं. "बाग कुठाय?"

"कसली बाग?"

"डाळिंबाची. हौद. टेकाड. कुठाय सगळं?"

टँकरच्या मागं नुसता करडा धूर होता. एक झाड ओळखू येत नव्हतं. हौद तर चौकटीच्या बाहेरच राहिला होता. टँकर मात्र मांडवातल्या नवरीसारखा उजळून निघालेला.

"अगं, मागचं घालवावं लागतं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की मागचं विरघळतं. मुख्य माणूस उठून दिसतो. नवरीच्या मागं आचारी आणि पातेली कोण ठेवतं?"

"ती पातेलीच मला पाहिजे होती, दादा. भर उन्हात ते तोंड बारीक करायला काय झालं होतं तुला?"

त्याचा चेहरा पडला. वर्षानुवर्षं लग्नं काढून हात बसला होता. त्या हातानं पाणीचोरीच्या टँकरलाही नवरीचा मान दिला होता. हा टँकर वाडीतच उभा आहे असं साहेब म्हणाले असते तर मी काय दाखवणार होते?

मग फौजीची पाळी. त्याचा रोल धुतला, कागद ट्रेमध्ये गेला. त्याचे फोटो म्हणजे पलटणीचा ग्रुप फोटो. टेकाडाखालची बाग, झाडांच्या रांगा, हौद, मेहुण्याचा गच्चीवाला बंगला, मागं डोंगर, कोण कुठं उभं आहे ते सगळं ठळक. त्यात बोटभर टँकर. "कुनी सुटाय नको ना," तो म्हणाला. नंबर? तांदळाचे दाणे. लेन्स पूर्ण ताणून काढलेला एक होता, त्यात हात हलला होता आणि दाण्यांची पेज झाली होती.

एकात नंबर होता आणि जागा नव्हती, दुसऱ्यात जागा होती आणि नंबर नव्हता. मी खरंच रडकुंडीला आले. मामेभाऊ आणि फौजी पहिल्यांदाच एका बाजूला झाले आणि फोटो तारेला अडकवू लागले.

ओले फोटो तारेला लटकत होते, शेजारीशेजारी. बघता बघता फौजीनं बोट लावलं. "ताई, ही छत्री."

बोटभर टँकरवर काळा ठिपका होता. मामेभावानं तो तुकडा मोठा करून काढला, जेवढा ताणता आला तेवढा. दाणेदार आला, पण छत्री कळत होती. एका बाजूनं लोंबणारी. शेजारच्या फोटोत तीच छत्री, तीच मोडकी काडी, टाकीवर त्याच जागी. खाली तसाच लोंबता पाइप, शिडीवर तसाच वाळत टाकलेला सदरा.

"आता?" मामेभाऊ म्हणाला.

"आता बैठक," मी म्हणाले.

सोमवारी साहेबांनी आधी जवळचा फोटो उचलला. "नंबर आपलाच आहे. पण हा कुठंही उभा असू शकतो." मी लांबचा पुढं सरकवला. "ही बाग. ही कुठंही असू शकत नाही." त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही फोटो नाकाजवळ नेले. ठेकेदाराचा माणूस खुर्चीत पुढं झुकला आणि म्हणाला, छत्र्या काय सगळ्यांकडंच असतात. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. "मोडक्या? टँकरवर? उन्हाळ्यात?" आणि कारकुनाला हाक मारली.

ठेकेदाराला काही झालं नाही, हे मी इथं मुद्दाम लिहिते. त्याला नोटीस गेली आणि ती कुठंतरी जिरली. पण टँकर बदलला, ड्रायव्हर बदलला, आणि टँकर आला की वाडीतल्या दोघांनी सही करायची असं ठरलं.

पहिला टँकर आला त्या दिवशी आम्ही तिघं हजर होतो. मामेभाऊ ओट्यावर गुडघा टेकून बसला, म्हणाला, पाण्याची धार अशी पकडतो की थेंब मोजून घ्या. फौजी चावडीच्या कट्ट्यावर चढला, त्याला अख्खी वाडी एका फोटोत घ्यायची होती.

"तुमच्यानं धार थिजंल, पर मानसं कुठनं दिसायची?" तो वरून ओरडला.

"आणि तुमच्यात माणसं दिसतील, पण मुंग्यांएवढी."

पाइपाचं तोंड वाडीच्या हौदातून निसटलं आणि पाणी मातीत जायला लागलं. फौजीची वहिनी घागर टाकून पाइपावर झेपावली आणि कडाडली, "आवं, ते गळ्यातलं काडा आन हिकडं धरा. पानी चाललंय."

दोन्ही कॅमेरे एकाच खुंटीला अडकवले गेले. त्या पाण्याचा फोटो कुणाकडंच नाही.