मोठा थर्मास

माझी धाकटी लेक ग्रिसेल मार्चमध्ये राजधानीला, मोंतेविदेओला गेली, गुरांची डॉक्टर व्हायला. आमच्या ताक्वारेम्बोहून बसने पाच तास. वासराच्या तोंडात बिनधास्त हात घालणारी पोर, पण अनोळखी मुलीला वेळ विचारायलाही लाजायची.

रोज तिचा एक फोटो यायचा. किनाऱ्याचा कठडा, हातात माटेचा पेला, काखेत थर्मास. खाली लोकांनी दिलेले चारशे-पाचशे लाल बदाम. शेजारीण म्हणायची, "मजा आहे बाई तुझ्या लेकीची!" मी मात्र थर्मासच बघायची. अर्ध्या लिटरचा. माटेचा कडू काढा आम्ही एकाच पेल्यातून, एकाच नळीने, हातोहात फिरवून पितो. अर्धा लिटर पाणी एकटीलाच पुरतं.

गेल्या शनिवारी ती म्हणाली, "आई, शुक्रवारी येतेय. सामान घेऊन. कायमची."

"अगं, आणि ते चारशे जण?"

"ते फोनमधले. तीन महिन्यांत माझ्या हातून कुणी पेला घेतला नाही."

"तू कुणापुढे केलास का?"

तिने फोनच ठेवला. मी का बोलले असं, म्हणून तीन दिवस जीव टांगणीला.

आणि काल संध्याकाळी फोन, ओरडतच!

"आई, मी फोटो नाही टाकला, नुसतं लिहिलं! पाच वाजता कॉलेजच्या पायऱ्यांवर माटे घेऊन बसतेय, एकटीला संपत नाही, येता का कुणी? सात जण आले! सात! तो मागच्या बाकावरचा ब्राउलियो म्हणतो, 'तुझ्या प्रत्येक फोटोला बदाम देतो मी. वाटलं, तुझ्याभोवती गर्दी असेल, आपण कशाला घुसायचं?' मी म्हटलं, 'गाढवा, फोटो माझा मीच काढायचे!' पण तिसऱ्यालाच पाणी संपलं गं! उद्या परत जमतोय. बाबांचा मोठा थर्मास पाठव, आजच्या बसने!"

"आणि शुक्रवार?"

"कुठला शुक्रवार? थर्मास पाठव!"

माझा नवरा नेल्सन कुरकुरला, "रविवारी मॅचला मी काय नेऊ, किटली?"

"ने की!" म्हणत, थर्मास शालीत गुंडाळून मी बसकडे धावत सुटले. बस हललीच होती. दार बडवलं.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आत बाळ आहे का?"

"बाळाचाच आहे!" म्हणत मी थर्मास त्याच्या हाती दिला.

आता रात्रीचे अकरा वाजलेत. आज तिचा फोटो नाही. दहा वेळा बघितलं, नाहीच! हसू आवरत नाहीये मला. फक्त त्या थर्मासचं झाकण जरा सैल आहे, हे सांगायचं राहिलं. सात जणांत कुणाला भाजलं तर नसेल ना?