खारं सोसणारं बी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या काकीचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. पेणच्या कॉलेजात होतो तोवर तिच्या शेतातला तांदूळ आमच्याही चुलीवर शिजायचा. काका गेल्यावरही तिनं तो वाटा कमी केला नाही.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, गावानंच घातलेला. पावसाळ्याआधी घरटी एका माणसानं त्याच्या डागडुजीला जायचं. ज्या घरात माणूस नसेल, त्यानं पेंढा पाठवायचा. चिखलात पेंढा तुडवूनच भगदाडं बुजवतात.

पुढे उधाणं पूर्वीपेक्षा चढू लागली, पाणी आत झिरपून रोपं पिवळी पडू लागली. तेव्हा कृषी खात्याच्या साहेबांनी खारं सोसणारं भाताचं बी दिलं. काकीनं ते सगळ्यांच्या आधी लावलं. शेजारची रोपं जळाली, तिची उभी राहिली. दुसऱ्या वर्षी गावानं तेच पेरलं आणि कणग्या पुन्हा भरल्या. त्या बियाण्याला मी आजही नावं ठेवणार नाही.

साहेबांनी बजावलं होतं, "बी आहे म्हणून बांध सोडू नका." आम्ही माना डोलावल्या. पण हळूहळू माणसांऐवजी पेंढाच यायला लागला, मग पेंढाही येईना. शेवटच्या वर्षी बांधावर काकी आणि चार-दोन म्हाताऱ्याच होत्या. रविवार होता म्हणून मीही होतो. कंपनीच्या शिफ्टला निघालेला शेजारी मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काय गो काकी, तुजं बी खारं पितंय ना? मंग कशाला कंबर मोडून घेतेस?"

"घोटभर पितंय रं ते," हातातलं घमेलं खाली न ठेवता काकी म्हणाली, "तुज्यासारकं पिंपभर नाय!"

म्हाताऱ्या खो खो हसल्या. तोही हसला आणि गेला.

त्याच भाद्रपदात, भात पोटरीला आलेलं असताना, उधाणानं बांध फुटला. भरती शेतात शिरायची, ओहोटीला निघायची, आणि दर वेळी भगदाड रुंद व्हायचं. एवढं खारं कुठलंच बी सोसत नाही. गावाचं सगळं भात गेलं. काकी रोह्याला लेकीकडे गेली. जाताना मला म्हणाली, "बांध झाला की कळव. पेरायला येते."

यंदा गावानं बांध घातला. पेरणी जवळ आली. तिला फोन लावायला मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. शेवटी पत्र लिहिलं. नात तिला वाचून दाखवते.

"काकी,
बांध झाला. पण तू यंदा पेरायला येऊ नकोस. तुझ्या शेतातली माती तपासून घेतली. मीठ फार मुरलंय. आपलं ते बीसुद्धा धरणार नाही, साहेब म्हणाले. धुऊन निघायला निदान दोन पावसाळे जातील. तुला तोंडानं हे सांगायचा धीर झाला नाही.
तांदूळ पाठवतोय. दुकानातला आहे, तुला आवडायचा नाही. पेजेला चालेल.
शेत कोळंबीच्या तळ्याला देता का, म्हणून माणसं येऊन गेली. मी अजून कोणाला हो म्हटलेलं नाही. तू सांगशील तसं करू."