पाच हॉर्सपॉवरचा आकाशपाळणा

लाइट गेली आणि आकाशपाळणा उलटा फिरायला लागला. मी वर्कशॉपच्या दारात उभा होतो. श्रावणातला सोमवार, दुपारचे तीन वाजलेले, बागेत पाय ठेवायला जागा नाही. चाकाच्या एका अंगाला माणसं बसलेली, दुसऱ्या अंगाचे डबे रिकामे. जड बाजू खाली आली, तळातून पलीकडे वर गेली, तिथून पुन्हा मागे. असे चार-पाच झोके घेऊन चाक थांबलं. तेवढ्यात डब्यात चढत असलेल्या एका बाईंचा पाय डबा आणि प्लॅटफॉर्मची फळी यांच्यात सापडला होता. तेलगावच्या एका किराणा दुकानदाराच्या त्या पत्नी. नडगीचं हाड मोडलं. वर बसलेले बाकी सगळे धडधाकट उतरले.

तासाभरात जीप आली आणि हवालदारांनी पाळण्याचा ऑपरेटर बिरू याला उचलून माजलगावला नेलं. त्याला कुणी काही विचारलं नाही. प्लॅटफॉर्मवर तो उभा होता, म्हणून तोच गुन्हेगार. मी तिथे मेंटेनन्स इंजिनिअर होतो. आज इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसाचा राग गेलेला नाही. त्यातला निम्मा माझा माझ्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बाग अप्पांची. अप्पा म्हणजे माजलगावचे आडत व्यापारी. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. धरणाचं पाणी आलं, ऊस आला, लोकांच्या हातात पैसा खुळखुळू लागला, तेव्हा तेलगाव रस्त्याला कालव्याच्या कडेला त्यांनी ही बाग काढली. सुरुवातीला लिंबाची झाडं, एक तळं, दोन होड्या, छोटी रेल्वे आणि हा पाळणा, एवढंच होतं. लोक बैलगाडीतून, टेम्पोतून यायचे. धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचं फडकं सोडून झाडाखाली बसायचे. पोरं रेल्वेत, म्हातारी माणसं सावलीत. मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून इथे आलो, ते बरंचसं या बागेच्या प्रेमात पडूनच.

पाळण्याचं गणित साधं असतं. सोळा डबे, डब्यात चार माणसं. समोरासमोरच्या डब्यांत सारखं वजन भरलं की चाक तराजूसारखं तोलून राहतं. मग मोटारीला फारसं काही ओढावं लागत नाही, फक्त बेअरिंगचं घर्षण. एकाच बाजूला भरत गेलं की ती सगळी माणसं मोटारीला उचलावी लागतात. आणि लाइट गेली की त्यांना धरून ठेवण्याचं काम एकट्या ब्रेकचं.

बिरू तलवाड्याकडचा. घरात मेंढरं. मेंढ्याच्या पाठीवर हात न ठेवता वजन सांगायचा, आणि बाजारात काट्यावर घातलं की अर्ध्या किलोचाही फरक निघायचा नाही. माणसांचंही तेच. रांगेकडे एकदा बघायचा आणि बसवायला सुरुवात करायचा. एक डबा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरायचा. नवरा एका डब्यात, बायको दुसऱ्यात, मेहुणा तिसऱ्यात. कुणी कुरकुर केली तर म्हणायचा, "काकू, मला तुमी जड न्हाई वो. ह्या चाकाला जड हायसा." काकूंसकट सगळी रांग हसायची. लोक पाळण्यात बसायला येत, तसे बिरूचं बोलणं खायलाही येत.

आता माझी चूक. पाळण्याला मुळात दहा हॉर्सपॉवरची मोटार होती. त्या काळात आमच्याकडे लाइट दिवसातून कितीदा जायची याला धरबंद नव्हता. आमचा डिझेल जनरेटर लहान. दहाची मोटार सुरू करायला गेलं की तो धाप टाकून बंद पडायचा आणि माणसं वर लटकून राहायची. मी अँमीटर लावून मोटार किती वीज ओढते ते आठवडाभर बघितलं. बिरूने भरलेल्या पाळण्याला दहाची मोटार लागतच नव्हती. अपघाताच्या चार वर्षं आधी मी पाचची बसवली. अशा मोटारीबरोबर तिच्याच मापाचा ब्रेक येतो, तोही आला. जनरेटर खूश, अप्पा खूश. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. तपासणीच्या कागदावर मात्र दहाच राहिले.

म्हणजे त्या दिवसापासून पाळण्याची सुरक्षा बिरूच्या डोळ्यांत होती. हे मला माहीत होतं. बिरूला मी सांगितलं नाही. सांगावं असं सुचलंच नाही.

मग गर्दी वाढली. गावोगाव केबल आली, काळीपिवळ्या जीपा सुटल्या, बीड-परळीपासून लोक यायला लागले. अप्पांचा मुलगा महेश पुण्याहून शिकून आला आणि बागेचा पार्क झाला. पार्किंगसाठी लिंबाची झाडं तोडली. कर्णे लावले. गेटवर पाटी लागली, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. पिशव्या तपासून बायकांची धपाटी काढून घ्यायचे आणि आत कँटीनमध्ये शिळे वडे विकायचे. एका म्हातारीने गेटबाहेर उन्हात बसून फडकं सोडलं आणि जेवून मग आत आली. मी महेशला ते दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, क्राउड मॅनेज करायचा म्हणजे थोडं स्ट्रिक्ट व्हावंच लागतं." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही. रांगेसाठी पाइपांचे नागमोडी कठडे मीच वेल्डिंग करून दिले होते, तेव्हा मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार?

अपघाताच्या वर्षी उन्हाळ्यात महेश स्टॉपवॉच घेऊन पाळण्याखाली उभा राहिला. बिरूला पाळणा भरायला नऊ मिनिटं लागत. फेरी तीन मिनिटांची.

"साहेब, हा माणसं भरतोय का लग्नाच्या पंगती बसवतोय?" महेश मला म्हणाला. "एकामागून एक डबा भरा. चार मिनिटांत होईल."

मी त्याला तोलाचं गणित सांगितलं. वजन एका बाजूला येईल, लाइट गेली तर ब्रेक धरणार नाही, हेही सांगितलं. त्याने विचारलं, "दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीचा ब्रेक धरणार नाही? तसं असेल तर लेखी द्या. मी आजच पाळणा बंद करतो."

लेखी द्यायचं म्हणजे मोटार पाचची आहे हे लिहावं लागणार, कागद खोटा आहे हे लिहावं लागणार. मी दिलं नाही. बघतो म्हणालो. श्रावणापर्यंत नुसतं बघतच बसलो, आणि श्रावणात महेशने ओळीनेच डबे भरायला लावले. पहिल्या दोन सोमवारी काही झालं नाही. काही झालं नाही की माणूस किती निर्लज्ज होतो, ते मी स्वतःवरून सांगतो.

तिसऱ्या सोमवारी महादेवाचं दर्शन करून येणाऱ्यांची रीघ लागली. बिरू दोनदा थांबला, समोरचा डबा भरू द्या म्हणाला. महेशने त्याला सगळ्यांसमोर झापलं. सहा डबे ओळीने भरले, सातव्यात त्या बाई चढत होत्या, आणि लाइट गेली.

संध्याकाळी ऑफिसात आम्ही तिघे होतो. अप्पा, महेश, मी. फौजदारांनी इंजिनिअरचा अहवाल मागितला होता. महेशने तो टाइप करूनच ठेवला होता. ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे अपघात घडला, खाली माझ्या सहीची जागा. मोटार पाचची आहे हे त्याला तोवर कळलं होतं. प्लेट वाचली होती त्याने.

"सही करा," तो म्हणाला. "तुम्हीही सुटाल, आम्हीही सुटू."

मी अप्पांकडे बघितलं. या माणसाने एकेकाळी होडीत बसणाऱ्या प्रत्येक पोराचा हात स्वतः धरला होता. अप्पा खाली बघत म्हणाले, "सायब, बिरूला आपुन उद्याच्याला जामिनावर सोडवू. त्याच्या घरच्याला काय बी कमी पडू देनार न्हाई. पर बाग बंद पडली तर लई मानसं रस्त्यावर येत्याल."

"आणि गुन्हा त्याच्या नावावर राहील त्याचं काय?"

"त्याला कुठं नोकरीचा अर्ज करायचाय," महेश म्हणाला.

माझं डोकं सणकलं. कागद तिथेच टाकून मी मोटारसायकल काढली आणि माजलगाव गाठलं. बिरू ठाण्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. कुणी मारलं नव्हतं. मला बघून उठला.

"सायब, माझा अंदाज चुकला का वो?" त्याने विचारलं. "सातव्या डब्याला लई भार आला ते मला दिसत हुतं. आजून जरा दम धरल आसं वाटलं."

मी त्याला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. दहाची मोटार, पाचची मोटार, लहान ब्रेक. त्याला ब्रेकचं फारसं कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"म्हंजी चार वर्सं ती मानसं माझ्या जिवावर वर जात हुती," तो म्हणाला. "आन तुमी मला कावून न्हाई सांगितलं?"

मी उठून हवालदारांकडे गेलो.

ठाण्यातच कागद मागून घेतला आणि अहवाल लिहायला बसलो. कारण एक, मोटार व ब्रेक मूळ क्षमतेपेक्षा लहान, तो बदल मी केला, कागदावर नोंदवला नाही. कारण दोन, डबे समोरासमोर भरण्याची पद्धत मालकांनी बंद केली, ऑपरेटरने त्या दिवशी दोनदा हरकत घेतली होती. खाली माझी सही. मग उपाय लिहायचे असतात, म्हणून तेही लिहिले. कारखान्यात असे अहवाल शेकड्याने लिहिलेले, हात आपोआप चालतो. पूर्ण क्षमतेची मोटार व दुहेरी ब्रेक बसवावेत, जेणेकरून पाळणा भरताना ऑपरेटरच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही.

फौजदारांनी दोनदा वाचलं. "आपल्याच गळ्यात धोंडा बांधून घेताय, साहेब," म्हणाले. रात्री बिरूला सोडलं. मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घरी पोचवलं. गुन्हा महेशवर आणि माझ्यावर दाखल झाला. पुढे मालकांनी त्या बाईंच्या घरच्यांशी जाऊन तडजोड केली, दवाखान्याचं सगळं बघितलं, आणि आम्हा दोघांचं दंडावर भागलं. त्या बाई नंतर काठी टेकत चालायच्या. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. चहा दिला त्यांनी आणि काठी टेकत आत निघून गेल्या.

महेश मला काढून टाकेल अशी माझी अपेक्षा होती. काढलं नाही. नवा पाळणा उभा करायला माणूस लागणार होता. पंधरा हॉर्सपॉवरची मोटार, दोन ब्रेक, मोठा जनरेटर. माझ्या अहवालातला तेवढा एक उपाय मालकांनी तंतोतंत पाळला. हरकत घेणाऱ्या ऑपरेटरचं ऐकावं, हे मी उपायांत लिहिलंच नव्हतं, त्यामुळे ते पाळण्याचा प्रश्नही आला नाही. दिवाळीला पाळणा सुरू झाला. एका बाजूला चोवीस पैलवान बसवले तरी तो गपगुमान फिरतो, हे मी स्वतः वाळूची पोती भरून तपासलं. चांगलं काम झालं होतं. आजही मी तसंच करीन.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बिरू वर्कशॉपमध्ये आला. हातात कागद होता. महेशने त्याला माझ्या अहवालाची झेरॉक्स दिली होती आणि शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. बिरूला वाचता येत नव्हतं.

"छोटे मालक म्हनले, तुमच्याच सायबानं लिवलंय. काय लिवलंय तेवढं वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. माझंच वाक्य होतं, तरी मध्ये दोनदा अडखळलो. त्याने परत एकदा वाचायला लावलं.

"म्हंजी आता मी लागत न्हाई," तो म्हणाला.

मी म्हणालो, बिरू, तसा अर्थ नव्हता. मी महेशशी बोलतो. रेल्वेवर घेतील, गेटवर घेतील.

"गेटवर बायांची धपाटी हिसकायला व्हय?" त्याने कागदाची घडी घातली आणि मुंडाशात खोचली. "तुमी बरूबर लिवलंय, सायब. बाईचा पाय मोडला. मशीनच पायजे."

तो गेला. मी महेशशी भांडलो, जागा भरली आहे म्हणाला. प्लॅटफॉर्मवर एक गणवेशातला माणूस बटन दाबायला उभा राहिला. तो कुणाशी बोलायचा नाही, त्याला बोलायची गरजही नव्हती. रांग भराभर सरकायची. वर्षभराने मी नोकरी सोडली.

त्यानंतर पुष्कळ यंत्रांचे अहवाल लिहिले. दोष लिहिताना मी कुणाची भीड ठेवली नाही, स्वतःचीही नाही. उपाय लिहायची वेळ आली की मात्र आधी पेन खाली ठेवतो, यंत्रापाशी जातो आणि ते चालवणाऱ्या माणसाला विचारतो की तू इथे नेमकं काय करतोस. माजलगावच्या ठाण्यात तो माणूस माझ्यापासून चार हातांवर बसलेला होता.