नेनूमामाच्या अर्जाला दुसरा पाठिंबा

शेवटच्या दिवशी सकाळी नेनूमामा मला म्हणाला, "पोरी, आकडा बघ."

मी फोनवर बघितलं. "एक."

"तो तुझाच ना? घरचं धरायचं नाही. म्हणजे शून्य." आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

माल्टातल्या आमच्या गावात बँड दोन, एक संत जोसेफच्या नावाचा, एक मारियामातेच्या. जोसेफवाले आणि मारियावाले. गावच्या सणाला दोघंही मामाच्या खिडकीखाली येऊन वाजवणार, कारण गल्ली तिथंच रुंद आहे. आणि जो आधी हलला तो हरला. मागच्या वर्षी सव्वातीन तास कुणी हललंच नाही. मामाच्या फळीवरच्या बशा चालत चालत खाली आल्या.

तक्रार करायची कुणाकडं? महापौर जोसेफवाला, हवालदार मारियावाला. पाद्री म्हणतो, मला दोघांकडं जेवायला जावं लागतं. मामा म्हणाला, "युरोपच्या संसदेत सातशेवीस माणसं, त्यात आपल्या माल्टाची सहाच. बाकीच्यांना आपला बँडच माहीत नाही. देवमाणसं! आणि मत देतो ना आपण त्यांना?"

मग खिडकीखालचे दोन्ही बँड गप्प करा, असा अर्ज मामानं आमच्या माल्टी भाषेत सांगितला, मी टाइप करून त्या संसदेला पाठवला. काही महिन्यांनी उत्तर आलं, तेही माल्टीत. मामानं ते पाच वेळा वाचून घेतलं. अर्ज घेतलाय, चौकशी करतो, कुणालाही नेटवर पाठिंबा देता येईल, असं होतं त्यात. पण देणार कोण? दुसऱ्याचा बँड गप्प करायचा तर आपलाही होतो ना!

त्या शेवटच्या दिवशी दुपारी खाली ढोल सुरू झाला. मामा म्हणाला, "हा विस्टिन. जोसेफवाला असला तरी ताल सोडत नाही मेला." तेच त्याचं शेवटचं बोलणं.

मयताला दोन्ही बँड आले. आमच्या दारातून आधी कुणी हलेना. मामा कबरस्तानात दीड तास उशिरा पोचला.

दुसऱ्या दिवशी विस्टिनकाका आला. टोपी हातात. "अगं, नेनूच्या त्या अर्जात कुठं दाबायचं? कुणाला सांगू नकोस."

"काका, तुम्ही?"

"काय?"

"म्हटलं, तुम्ही पाठिंबा देणार?"

"मोठ्यानं बोल गं. चाळीस वर्षं ढोलामागं उभा आहे मी."

मग मी ओरडूनच सांगितलं, नाव टाका, इथं दाबा. समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. काकानं जाड बोटानं दाबलं, दोनदा दाबलं, आणि डोळे बारीक करून विचारलं, "किती झाले?"

"दोन!" मी ओरडले. "आणि एक बाहेरचा!"