रुखसारनं टिपलेली तोंडं

रुखसारची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिची वेणी माझ्या मुठीत होती.

अकोटच्या रस्त्यावरच्या एका बाजारगावात मी जन्मभर भाजी विकली. बाजारात बायांसाठी संडास होता, पण त्याला कुलूप. आत बाजार समितीच्या सचिवाच्या मेव्हण्याची कांद्याची पोती. आम्ही सकाळपासून पाणीच पीत नव्हतो. त्यात लागोपाठ दोन वर्षं कपाशी गेली, तशा शेतातल्या बायाही टोपल्या घेऊन बाजारात बसू लागल्या. आडोसा कुठे उरला नाही. एक दिवस मी उभ्या ट्रकमागे बसले आणि ट्रक निघून गेला. सगळा बाजार हसला. सचिव कचेरीच्या माडीच्या खिडकीत येऊन पोट धरून हसला. त्या गर्दीत ही पोरगी मोबाइल उंच धरून उभी. लुगडं सावरत गेले आणि तिला धरलं.

“माहा फोटो काढतं काय, सटवे?”

“तुमच्याकडं त पाठ होती माही, आजी. पाहा ना!”

पाहिलं. त्यात मी कुठेच नव्हते. नुसती हसणाऱ्यांची तोंडं होती. खिडकीतल्याचे तर दात मोजून घ्यावे.

गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची ही पोरगी, कॉलेजात शिकत होती. ती नेहमी म्हणायची, “ज्याची इज्जत गेली त्याले काय दाखवाचं? ज्यानं घालवली त्याले दाखवाचं.”

ती तोंडं तिने मोबाइलवरून गावभर केली. मग रोज त्या कुलपाचा फोटो टाकू लागली. अकोल्यापर्यंतची पोरं सचिवाला फोन करायची, “साहेब, निघालं काय कुलूप?” काही तर अर्ज घेऊन थेट कचेरीत आली. सचिव टेकीला आला. सगळ्यांसमोर उत्तर देतो म्हणाला.

रुखसारने त्याला भरउन्हात आमच्या टोपल्यांमध्ये स्टुलावर बसवलं. समोर खोक्यावर मोबाइल, जे चाललंय ते तिकडे लोकांना तेव्हाच दिसत होतं. मी ताक दिलं. मीठ मुद्दाम जास्त घातलं होतं. त्याने पाणी मागितलं, तेही तांब्या भरून दिलं. पोरगी सावकाश विचारत होती. तासाभराने साहेबाचा गुडघा हलायला लागला.

“आटप न पोरी.”

“एकच सवाल, साहेब.”

असे सात सवाल झाले. शेवटी तो उठला. त्याचा स्वतःचा संडास माडीवर, आणि जिना बाजाराच्या दुसऱ्या टोकाला.

मी म्हटलं, “कुठं चालले, साहेब? एखांदा टरक पाहू काय तुमच्यासाठी?”

बाया इतक्या हसल्या की टोपल्या कलंडल्या. सचिवाने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि मेव्हण्याची पोती एकट्याने बाहेर ओढली. मोबाइल चालूच होता. दार पुन्हा बंद झालं नाही.

पुढे रुखसार वकिली शिकायला अमरावतीला गेली. जाण्याआधी तिने तो व्हिडिओ टाकलेलं खातं माझ्या मोबाइलवर चालू करून दिलं. “बदला तुमचा हाये, आजी. पोट भरलं का इथं दाबा, व्हिडिओ निघून जाते.” दोनदा माझ्याकडून गिरवून घेतलं.

परवा सचिव घरी आला. आता नोकरीतून सुटलाय. हात जोडून म्हणाला, “माय, काढ न तो व्हिडिओ. नातवंडं पाहतेत, हासतेत मले.”

मी मोबाइल उशाखाली सरकवला.

“मी चौथी शिकलेली बाई, साहेब. मले काय समजते त्यातलं?”