कमानीखालचं पालथं घमेलं

विटांची कमान पुरी झाली, आधाराचं लाकूड काढायची वेळ आली, की झिपरूआबा आपलं घमेलं त्या कमानीखाली पालथं घालत आणि त्यावर बसून चहा मागत. डोक्यावर ठोकाठोक चालू असे आणि हे बशीत चहा ओतत. धुळ्यात, देवपुरात आमच्या व्हरांड्याची कमान त्यांनीच बांधली. त्या दिवशी माझ्या सासूबाई घाबरून त्यांना बाहेर बोलवत होत्या. आबा हलले नाहीत.

"ज्यानी बांधी, त्यानीच पहिले बठानं," एवढंच म्हणाले.

माणूस तोंडाचा फटकळ. दुसऱ्या गवंड्याची भिंत दिसली की थांबून नावं ठेवणार, तीही घरमालकाच्या देखत. स्वतःच्या नक्षीच्या जाळ्यांचं कौतुक मात्र पोटभर करत. वीट भिजवण्यावरून तर त्यांनी आमच्याशी भांडण केलं होतं. टाकीत बुडवलेल्या विटेतून निघणारे बुडबुडे थांबेपर्यंत ती हातात घ्यायचे नाहीत. "ईट पाणी पीस. तिले पाजं नही, ते मालमधलं पाणी पी जास," कोरडी वीट कालवलेल्या सिमेंटमधलं पाणी शोषते आणि जोड कच्चा राहतो, हे मला शाळेतल्या पोरीसारखं समजावत. मी स्वतः शाळेत शिकवायची, पण त्यांच्यापुढे गप्प.

ते राहत धुळ्यातच, पण त्यांचं मूळ गाव पिंपळनेरच्या अलीकडे. तिथल्या शाळेला विटांची कमान बांधायचं त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं. आधार काढायच्या दिवशी मला आग्रहानं बोलावलं. सगळं गाव जमलं होतं. घमेलं पालथं पडलं, चहा आला. आबा मात्र कमानीबाहेर उभेच. कुणीतरी थट्टेनं म्हणालं, आबा भ्याले. लोक हसले.

आबा खाली बघत म्हणाले, "इटा कोरड्याच लाव्यात मी. खाले कसा बठू?"

मग हळूहळू कळलं ते असं. गावाला टँकरचं पाणी होतं. कामासाठी एक पिंप भरून मिळे, आणि ते भरताना हंडे घेतलेल्या बाया रांगेत उभ्या असत. त्यांच्यादेखत त्या पिंपात विटा बुडवायला आबा धजले नाहीत. नुसतं पाणी शिंपडून त्यांनी काम रेटलं, आणि उरलेलं पाणी गुपचूप गुरांच्या हौदात ओतलं.

रांगेतल्याच एक सखूअक्का पुढं आल्या. रागानं नाही, अगदी सहज म्हणाल्या, "आबा, मांगी ते पाहतात. कोनी नही म्हंतं का?" मागून तर पाहायचं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आबांनी आपल्या हातानं कमान उतरवली. वीट सहज सुटत होती आणि मधल्या मालाची बोटांत भुकटी होत होती. मला तिथं उभं राहवेना.

परतताना एसटीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. धुळं जवळ आलं तेव्हा बोलले, "मनं गाव मी वळखं नही, ताई."

पुढच्या उन्हाळ्यात गावाहून निरोप आला. बायांनी हंडा-हंडा घालून विटा भिजत ठेवल्या आहेत, आबांना या म्हणावं. मी तो धावत जाऊन सांगितला. वाटलं, आता हा माणूस पुन्हा तोंड सोडील. पण ते उठलेच नाहीत. "कोनतं तोंड लिसन जाऊ?" म्हणाले. मी चिडले, समजावलं, निरोप पुन्हा आला तेव्हा पुन्हा गेले. उपयोग झाला नाही. आमच्याकडे आले तरी व्हरांड्यात कमानीखाली बसेनात. फाटकाशी उन्हात उभ्यानंच चहा घेत. तुमच्या या विटा तर भिजवलेल्या होत्या, असं मी म्हटलं की मान हलवत आणि कप खाली ठेवत.

आबा वारल्यावर मी त्यांच्या गावी जाऊन आले. शाळेपुढे दोन खांब उभे आहेत, वर काही नाही. शेजारी विटांचा ढीग, पांढरा पडलेला. सखूअक्कांनी मला ओळखलं.

"उन्हायाभर भिजाडेल व्हत्यात इटा," त्या म्हणाल्या. "आबा उनातच नही."

आबा आलेच नाहीत, हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आबांच्या वतीनं मलाच मान वर करवेना. त्यांनी चहा आणला आणि मला बसायला दोन खांबांच्या मध्ये एक घमेलं पालथं घातलं. मी चहा उभ्यानंच प्याले.